उपाशी जनावर आणि हिरवं विष
(जिल्हा बैठकीत झालेल्या भाषणाचा मजकूर)



कापसाच्या भावावर आपण प्रत्येक बैठकीत बोलतो. आज दावणीबद्दल बोलायचं आहे. दावणीची एक दुभती गाय मेली, तर कापसाच्या चांगल्या भावाचा पैसाही तिच्यातच जातो.

आमच्या शिवारात एका वर्षी खरिपाची ज्वारी गुडघ्याला लागली आणि पावसानं तोंड फिरवलं. तीन आठवडे थेंब नाही. पीक करपलं. नाहीतरी गेलंच, निदान जनावरं तरी खातील, म्हणून आम्ही गाय आत सोडली. थोड्या वेळातच ती धापा टाकायला लागली, पाय लटपटले, आडवी झाली. डॉक्टर पोचेपर्यंत खेळ आटोपला होता. कुणी म्हणालं, करणी केली. करणी कुणाचीच नव्हती. गायीला किराळ लागली होती.

कोवळ्या ज्वारीच्या पानांत धुरीन नावाचं द्रव्य असतं. जनावराच्या पोटात त्यातून सायनाइडच्या जातीचं विष सुटतं. रक्तात प्राणवायू असतो, पण शरीराला तो वापरता येत नाही. पाण्याचा ताण पडलेली ज्वारी, कापणीनंतरचे फुटवे आणि उघडिपीनंतरच्या पावसानं आलेली नवी पालवी सगळ्यात घातक. युरिया जास्त पडला तर विष आणखी वाढतं.

तेव्हा ज्वारी फुलोऱ्यात येईपर्यंत हिरवी चारू नका. करपलेल्या पिकात जनावर सोडू नका. कापलेला चारा चांगला वाळवून घाला. वाळताना विष बरंचसं उडून जातं, म्हणूनच कडबा पिढ्यान्‌पिढ्या चालत आला. जनावर उपाशीपोटी बांधाला नेऊ नका, आधी दोन पेंढ्या कडबा टाका. लागलंच, तर घरचे उपाय करत बसू नका. सोडियम नायट्राइट आणि सोडियम थायोसल्फेट शिरेतून देतात, ते काम पशुवैद्यकाचंच. इथं मिनिटांचा हिशेब आहे.

आता गायरानाकडे या. जनावर चांगलं गवत आधी खातं आणि विषारी झाड सोडून देतं. वर्षभर मोकाट चराई झाली की पवना, मारवेल संपतात, कुसळ उरतं. पुढे घाणेरी, बेशरम आणि गाजरगवत माजतं. म्हणजे विषाची पेरणी आपणच करतो. मग दुष्काळात तेवढंच हिरवं दिसतं आणि भुकेलं जनावर त्याला तोंड लावतं. घाणेरीनं काळीज बिघडतं, कावीळ होते, उन्हात कातडी भाजल्यासारखी सोलते. असं जनावर आधी सावलीत बांधा. गाजरगवत खाल्लं तर दूध कडू होतं. हे गवत १९५५ च्या सुमारास पुण्यात पहिल्यांदा नोंदलं गेलं आणि परदेशी धान्याबरोबर आलं असं मानतात. बाहेरचं धान्य आलं, तण मात्र आपल्या पदरात कायमचं पडलं! ते फुलावर येण्याआधी, माती ओली असताना, हातमोजे घालून मुळासकट उपटा.

हिवरे बाजारनं १९९० च्या दशकात चराईबंदी केली. डोंगरावर जनावर सोडायचं नाही, गवत विळ्यानं कापून न्यायचं. गवत वाढलं, तशी दावणीही भरली. पण एक गोष्ट उघड बोलली पाहिजे. ज्याच्याकडे बांध आहे त्याला चराईबंदी सोपी जाते. ज्याच्याकडे चार शेळ्यांशिवाय काही नाही, त्याच्यासाठी ती उपासमार आहे. म्हणून सगळं गायरान एकदम बंद करू नका. तीन तुकडे करा. दर पावसाळ्यात एक तुकडा बंद ठेवा आणि तिथल्या गवताच्या कापणीत पहिला वाटा शेळीवाल्याला द्या. त्याला वगळून केलेला ठराव आठ दिवसही टिकणार नाही.

सरकार येऊन आपलं गायरान राखील याची वाट पाहण्यात अर्थ नाही. परत गेल्यावर येत्या ग्रामसभेत हा विषय मांडा. आणि आज संध्याकाळी दावणीपुढे उभे राहून एवढंच बघा, की जनावराच्या तोंडात काय आहे.