‘डबल ई’चे छोटे शब्द
(प्रभागसंघाच्या मासिक बैठकीत केलेले भाषण)



सगळं इंग्रजी आज शिकायचं नाहीये, घाबरू नका. फक्त एक अक्षरजोडी बघायची आहे. ई आणि त्याला लागून पुन्हा ई. इंग्रजीतलं मोठं ई कसं दिसतं? एक उभा दांडा आणि उजव्या बाजूला तीन दात. आपलं दाताळंच म्हणा ना. अशी दोन दाताळी शेजारी शेजारी दिसली की तिथे लांब ‘ई’ म्हणायचं, आपण दुसरी वेलांटी देतो तसं. एवढं ध्यानात राहिलं तरी बरेच छोटे शब्द वाचता येतात, आणि त्यातले काही तर आपल्या घरात पोत्यांवर, बाटल्यांवर रोज पडलेले असतात.

पहिले तीन शब्द घ्या. सीड, फीड आणि वीड. सीड म्हणजे बियाणं. फीड म्हणजे खाद्य, जनावरांचं किंवा कोंबड्यांचं. वीड म्हणजे तण. तिन्हींचा शेवट अगदी सारखा आहे, दोन दाताळी आणि मग डी, म्हणजे ताणलेलं धनुष्य. फरक फक्त पहिल्या अक्षराचा. सीडचं एस सापासारखं नागमोडी. फीडचं एफ म्हणजे खालचा दात मोडलेलं दाताळं. वीडचं डब्ल्यू म्हणजे लागून खणलेले दोन खड्डे.

आता हे कशाला शिकायचं ते सांगते. पेरणी झाली की पिशवीच्या तळाशी दोन-चार किलो बियाणं उरतं. मका असेल, गहू असेल, भुईमूग असेल. महागाचं असतं, टाकवत नाही. धुऊन वाळवून दळणात घालावं किंवा कोंबड्यांपुढे टाकावं असं मनात येतंच. पण बियाण्याला औषध चोळलेलं असेल तर पिशवीवर किंवा तिच्या लेबलवर एक बारीक इंग्रजी ओळ असते. तिचा अर्थ असा की हे खाण्यासाठी, जनावरांच्या खाद्यासाठी किंवा तेल काढण्यासाठी वापरू नका. त्या ओळीच्या मधोमध फीड हा शब्द आहे. १९६८ च्या बियाणे नियमांनुसार ही सूचना छापावीच लागते. बुरशी आणि कीड लागू नये म्हणून चोळलेलं ते औषध विषारी असतं. गुलाबी, लाल, निळा असा रंग दिलेला असतो तो एवढ्यासाठीच, की हे खायचं धान्य नाही हे नुसत्या डोळ्यांना कळावं. धुतल्यावर रंग फिका होईल, पण औषध गेलं असं समजायचं नाही. दळण आपण करतो, कोंबड्याही आपल्याच. म्हणून माझं म्हणणं असं आहे की ही ओळ घरातल्या पुरुषांच्या आधी आपल्याला ओळखता आली पाहिजे.

वीडचं तसंच. दुकानदार तणनाशकाला वीडीसाइड म्हणतो, त्याच्या पोटात वीड बसलेलं आहे. बाटलीवर हा शब्द दिसला की तो पंप वेगळा ठेवायला सांगा. टू-फोर-डी नावाचं तणनाशक तर कपाशीला जरासं लागलं तरी पानं आकसतात. पंप नीट न धुता कपाशीवर फवारणी केली की उभं पीक बिघडतं आणि दोष बियाण्याला दिला जातो.

फवारणीच्या डब्यावर रंगीत चौकोन असतो. लाल सगळ्यात विषारी, मग पिवळा, मग निळा आणि शेवटी हिरवा. हिरव्याला ग्रीन म्हणतात, त्यातही आपली दोन दाताळी आहेत. खाऊच्या पुड्यावरचा हिरवा ठिपका शाकाहारीचा असतो. औषधाच्या डब्यावरच्या हिरव्याचा अर्थ इतकाच की चौघांत विष कमी. हात धुवायचेच, आणि डब्यात नंतर तेल-मीठ भरायचं नाही.

आता पैशाचे शब्द. फी म्हणजे शुल्क, आपल्या खिशातून जाणारं. त्यात एफनंतर एक आर घुसला की झालं फ्री, म्हणजे फुकट. एका अक्षराने सगळा हिशेबच उलटतो! फ्रीचा अजून एक अर्थ आहे. शुगर फ्री म्हणजे साखर फुकट नव्हे, साखर नसलेलं. कर्जाच्या कागदावर प्रोसेसिंग फी दिसली तर सही करण्याआधी विचारायचं, ही कशाची? ठरावीक मर्यादेपर्यंतच्या छोट्या प्राधान्य कर्जांवर बँकेने असं शुल्क घ्यायचं नाही, असा रिझर्व्ह बँकेचा नियम आहे. आणि ही मर्यादा अख्ख्या गटाला नाही, प्रत्येक सदस्याला धरून मोजायची असते. हे सचिवताईंनी रजिस्टरच्या पहिल्या पानावर लिहून ठेवावं.

काही लांब शब्दांच्या शेवटी दोन ई येतात. तिथे बहुतेक वेळा अर्थ असतो, ज्याच्यासाठी काही केलं जातं तो माणूस. चेकवर कोपऱ्यात दोन रेघा मारून अकाउंट पेयी लिहितात. पेयी म्हणजे ज्याला पैसे द्यायचे तो, आणि पैसे त्याच्याच खात्यात जाणार, कुणाला रोख मिळणार नाहीत. गटाच्या प्रत्येक चेकवर हे लिहायची सवय लावून घ्या.

दुसरा शब्द नॉमिनी, आपल्यामागे पैसे घेण्यासाठी आपण नाव दिलेली व्यक्ती. जीवनज्योती विम्याचे वर्षाला ४३६ रुपये आपल्यातल्या कितीतरी जणींच्या खात्यातून कापले जातात. आपल्यामागे त्याचे २ लाख मिळतात. ते कुणाच्या हातात जायचे? लग्नाआधी काढलेल्या खात्यावर नॉमिनी म्हणून वडिलांचं नाव असतं, वडील जाऊन वर्षं लोटतात आणि नाव तेच राहतं. मग लेकरांना वारसाच्या कागदांसाठी हेलपाटे घालावे लागतात. नाव बदलायचा फॉर्म बँकेत मागितला की मिळतो. त्यावर तो शब्द शोधा, शेवटी दोन दाताळी.

अक्षरं ओळखता येत नसतील तर घरातल्या लेकरांना विचारा. २००० सालापासून आपल्या मराठी शाळांत पहिलीपासून इंग्रजी आहे, त्यांना हे येतं.

पुढच्या वेळी प्रत्येकीने एक रिकामी पिशवी किंवा पुडा घेऊन यायचा आहे. औषधाची बाटली मात्र आणायची नाही. आणि हो, मीटिंग या शब्दातही ती जोडी आहे. कोषाध्यक्षताई, रजिस्टरच्या कव्हरवर बघा बरं, सापडते का.