एकच पासवर्ड, चार जण आणि एक संशय

गोरेगावहून मी पुन्हा तुमच्या कानात. आजचा विषय आहे वेबसाइटच्या चाव्या. म्हणजे साइट सांभाळायला चार जण असतील, तर कुणाच्या हातात काय द्यायचं? विषय रुक्ष वाटेल, पण यापायी माझा एक मित्र दुरावला, म्हणून सांगतेय.

आमच्या गणेश मंडळाची छोटीशी साइट आहे, वर्डप्रेसवर. आरतीच्या वेळा, फोटो, रक्तदान शिबिराची माहिती आणि वर्गणीसाठी एक क्यूआर कोड. सांभाळायला आम्ही चौघं. युजरनेम एकच, ‘ॲडमिन’. पासवर्डही एकच, आणि तो व्हॉट्सॲप ग्रुपवर पिन केलेला! फोन बदलला की परत विचारायला नको, हा आमचा शहाणपणा.

एका वर्षी गणपतीच्या आठ दिवस आधी शेजारच्या काकांचा फोन आला. “अगं, वर्गणी भरली, पण नाव भलतंच दिसतंय.” पान उघडलं तर क्यूआर कोड बदललेला! तो लगेच काढला, पासवर्ड बदलला, काकांना १९३० या सायबर हेल्पलाइनवर तक्रार करायला लावली. मग त्या पानाच्या जुन्या आवृत्त्या तपासल्या. बदल कुणी केला त्याचं नाव वर्डप्रेस तिथं दाखवतं. नाव काय होतं? ‘ॲडमिन’. म्हणजे आम्ही चौघंही!

मग व्हायचं तेच झालं. त्या आठवड्यात फोटो टाकायचं काम ज्याच्याकडे होतं, त्याच्याकडे सगळे बघायला लागले. मीसुद्धा. “मी नाही केलं” यापलीकडे त्याच्याकडे पुरावा नव्हता आणि आमच्याकडे त्याच्याविरुद्ध काहीच नव्हतं. त्या वर्षी तो आरतीला आला नाही. ग्रुपवर काम सोडून गेलेली माणसंही अजून होती, हे आमच्या नंतर लक्षात आलं. कुणी केलं ते आजही कळलेलं नाही. मी त्याची माफी मागितली, त्यानं माफही केलं. पण साइटला त्यानं परत हात लावला नाही.

तेव्हा एक गोष्ट पटली. प्रत्येकाला वेगळं खातं देणं म्हणजे अविश्वास नाही. उलट काही बिघडलं तर निर्दोष माणूस त्यामुळेच वाचतो.

मराठी विकिपीडिया बघा. २००३ पासून तो लोकांच्या हातांवर चाललाय. लेख कुणीही दुरुस्त करू शकतं, पण पान काढून टाकणं किंवा कुणाला रोखणं हे काम फक्त प्रचालकांचं. प्रत्येक बदलापुढे करणाऱ्याची नोंद राहते. विकिपीडियावर पूर्वी प्रचालकांना साइटभर चालणारा कोडही बदलता यायचा. २०१८ मध्ये तो अधिकार वेगळा काढून मोजक्यांनाच दिला. कारण एक खातं चोरीला गेलं, तर त्या कोडमधून सगळ्या वाचकांना त्रास देता आला असता. म्हणजे ज्याला जेवढं काम, त्याला तेवढीच चावी.

वर्डप्रेसमध्ये ही सोय आधीपासूनच आहे. युजर्समध्ये जाऊन प्रत्येकाच्या ईमेलवर नवं खातं उघडा आणि भूमिका निवडा. ‘कॉन्ट्रिब्युटर’ लिहू शकतो, पण प्रसिद्ध करू शकत नाही. ‘ऑथर’ स्वतःच्या पोस्ट आणि फोटो टाकतो. ‘एडिटर’ सगळ्यांचा मजकूर आणि पानंही बदलू शकतो. ‘ॲडमिनिस्ट्रेटर’च्या हातात अख्खी साइट. आमच्या मित्राला ‘ऑथर’ केलं असतं, तर वर्गणीचं पान त्याला उघडताच आलं नसतं. संशयाचा प्रश्नच मिटला असता!

आता आमच्याकडे दोनच ॲडमिनिस्ट्रेटर आहेत. एकच का नाही? तो आजारी पडला किंवा परदेशी गेला तर साइट अडकेल म्हणून. दोघांनीही टू-फॅक्टर लावलंय, म्हणजे पासवर्ड फुटला तरी फोनवरचा कोड लागतोच. आणि तो कोड एकमेकांनासुद्धा सांगायचा नाही.

डोमेन आणि होस्टिंग या वेगळ्या चाव्या आहेत, हे विसरू नका. डोमेन कुणा उत्साही पोराच्या खासगी ईमेलवर घेऊ नका. तो नोकरीसाठी पुण्याला गेला की नूतनीकरणाचे मेल त्याच्याकडेच जातात, आणि एक दिवस साइट गायब. संस्थेचा स्वतःचा ईमेल ठेवा.

बाहेरच्या डेव्हलपरला काम दिलंत, तर त्याचंही वेगळं खातं उघडा आणि काम संपलं त्याच दिवशी काढून टाका. खातं काढताना वर्डप्रेस विचारतं, याच्या मजकुराचं काय करायचं? तो दुसऱ्याच्या नावावर करा, नाहीतर वर्षाचे फोटो-लेख त्याच्याबरोबर जातील.

आज एवढंच करा. फोनवर तुमच्या साइटची युजर लिस्ट उघडा आणि प्रत्येक नावापुढे विचारा, “हा माणूस अजून आपल्याबरोबर आहे का?” आणि ग्रुपवर पासवर्ड पिन केला असेल, तर आधी तो बदला, मग पिन काढा. नुसती पिन काढून भागत नाही, बरं का!

भेटू पुढच्या भागात. एपिसोड बिनधास्त शेअर करा. पासवर्ड मात्र नको!