यजमानाचाही वाटा



तुमच्यापैकी ज्यांनी साठी ओलांडली आहे, त्यांना पाच पैशांचं एक जादा तिकीट आठवत असेल. 15 नोव्हेंबर 1971 पासून पत्रावर नेहमीच्या तिकिटाशेजारी ते लावावं लागे. आधी कुटुंब नियोजनाच्या छोट्या लाल तिकिटावरच निर्वासितांच्या मदतीचा ठसा उमटवून काम भागवलं गेलं. मग नाशिकच्या सिक्युरिटी प्रेसमधून घरदार सोडून निघालेल्या माणसांचं चित्र असलेलं खास तिकीट छापून आलं. रेल्वेच्या आणि विमानाच्या तिकिटावरही असाच कर बसला होता. टपालावरचा हा आकार 1973 च्या मार्चअखेरपर्यंत चालला. पूर्व बंगालमधून, म्हणजे आजच्या बांगलादेशातून, आलेल्या माणसांच्या जेवणाचा खर्च साताऱ्याहून मुंबईला पत्र पाठवणारा माणूसही थोडाथोडा उचलत होता.

तो खर्च केवढा होता ते नीट पाहायला हवं, कारण आज मला जे सांगायचं आहे त्याचं मूळ तिथे आहे.

25 मार्च 1971 च्या रात्री पाकिस्तानी लष्कराने ढाक्यात कत्तल सुरू केली आणि त्यानंतरच्या आठवड्यांमध्ये माणसं सीमा ओलांडून भारतात येऊ लागली. वर्ष संपेपर्यंत सरकारी नोंदीत हा आकडा जवळजवळ 99 लाखांवर गेला. त्यातले सुमारे 68 लाख 825 छावण्यांमध्ये राहिले. उरलेल्यांना नातेवाइकांनी, ओळखीपाळखीच्या लोकांनी आपल्या घरात सामावून घेतलं. सर्वाधिक माणसं पश्चिम बंगालमध्ये आली, पण सर्वांत जास्त ताण पडला तो चिमुकल्या त्रिपुरावर. त्रिपुराची स्वतःची लोकसंख्या तेव्हा साडेपंधरा लाख, आणि तिथे आलेले निर्वासित सुमारे चौदा लाख! घरात जितकी माणसं, जवळजवळ तितकेच पाहुणे, आणि तेही काही महिन्यांत. शाळा बंद करून वर्गांमध्ये लोकांची सोय करावी लागली. कोलकात्याजवळच्या सॉल्ट लेकमध्ये कुटुंबंच्या कुटुंबं गटारासाठी आणून ठेवलेल्या सिमेंटच्या मोठ्या पाइपांमध्ये राहिली.

एप्रिल संपताना संयुक्त राष्ट्रांचे सरचिटणीस ऊ थांट यांनी निर्वासितांविषयीचे उच्चायुक्त सद्रुद्दीन आगाखान यांच्याकडे जगभरातल्या मदतीच्या समन्वयाचं काम सोपवलं. मदत आलीही. विमानांनी तंबू आले, औषधं आली, दुधाची भुकटी आली. न्यूयॉर्कमध्ये 1 ऑगस्टला पंडित रविशंकर आणि जॉर्ज हॅरिसन यांनी मोठा जलसा केला आणि ‘बांगलादेश’ हे नाव अनेकांच्या कानांवर पहिल्यांदाच पडलं. मात्र हिशेब मांडला की चित्र बदलतं. 1972 च्या मार्चअखेरपर्यंत या निर्वासितांवर सुमारे 70 कोटी डॉलर, म्हणजे त्या वेळच्या दराने पाचशे कोटी रुपयांहून जास्त, खर्च होईल असा जागतिक बँकेचा अंदाज होता. बाहेरून आलेली मदत त्याच्या निम्म्याच्याही आत राहिली. बाकीचा बोजा एका गरीब देशाने आपल्या विकासाच्या योजना मागे ठेवून स्वतः वाहिला. त्रिपुरातल्या शेतमजुराने किंवा नदिया जिल्ह्यातल्या छोट्या शेतकऱ्याने त्यातला किती भाग वाहिला, तो तर कोणत्याच ताळेबंदात मांडलेला नाही.

त्या वर्षातली एक गोष्ट सांगितल्याशिवाय मला पुढे जाववत नाही. बनगावच्या छावण्यांमध्ये कॉलरा पसरला होता. शिरेतून देण्याचं सलाइन संपत आलेलं, रुग्णालयात पाय ठेवायला जागा नाही, रोगी जमिनीवर निजलेले. डॉ. दिलीप महालनोबिस तेव्हा जॉन्स हॉपकिन्स विद्यापीठाच्या कोलकात्यातल्या केंद्रात काम करत होते. साखर, मीठ आणि खाण्याचा सोडा पाण्यात ठरलेल्या प्रमाणात मिसळून ते रोग्यांना पाजायचं, असं त्यांनी ठरवलं. पाजायला डॉक्टर नको, नर्स नको. रोग्याचे आईवडील, भाऊबहीण पुरेत. इतर ठिकाणी शंभरातले तीस रोगी दगावत असताना त्यांच्या देखरेखीखाली मृत्यूंचं प्रमाण चारांच्याही खाली आलं. आणि या उपचाराचा पाया ज्या संशोधनाने घातला, त्यातलं महत्त्वाचं काम ढाक्यातल्या कॉलरा प्रयोगशाळेत झालेलं होतं. जिथून माणसं पळून आली त्याच शहरातलं ज्ञान त्यांना सीमेपलीकडे वाचवायला उपयोगी पडलं. मदत म्हणजे फक्त पैसे नव्हेत, हे इथे स्पष्ट दिसतं. दोन देशांतल्या शास्त्रज्ञांनी आधीच्या शांत वर्षांत केलेलं काम ही सर्वांत मोठी मदत ठरली.

1971 चा शेवट वेगळा झाला. युद्ध झालं, बांगलादेश स्वतंत्र झाला आणि 1 जानेवारी 1972 पासून माणसं परतू लागली. मार्च संपेपर्यंत छावण्या जवळजवळ रिकाम्या झाल्या. इतक्या मोठ्या संख्येने आणि इतक्या लवकर निर्वासित घरी परतल्याचं उदाहरण क्वचितच सापडतं. म्हणूनच यजमानांच्या नुकसानीचा प्रश्न तेव्हा फार काळ उभा राहिला नाही.

आता त्याच बांगलादेशाकडे पाहा. 25 ऑगस्ट 2017 नंतर म्यानमारच्या राखाइन प्रांतातून सात लाखांवर रोहिंग्या माणसं अत्याचारांपासून जीव वाचवत काही महिन्यांत नाफ नदी ओलांडून कॉक्सबझार जिल्ह्यात आली. आधीपासून आलेले धरले तर आज तिथे दहा लाखांहून जास्त निर्वासित आहेत. त्यातले बहुतेक सगळे उखिया आणि टेकनाफ या दोन उपजिल्ह्यांत राहतात. तिथल्या स्थानिक लोकांची संख्या 2011 च्या जनगणनेत पावणेपाच लाखांच्या आसपास होती. म्हणजे पाहुणे घरच्यांच्या दुप्पट. त्रिपुराची गोष्ट पुन्हा घडली, फक्त ही माणसं तीन महिन्यांत परत गेलेली नाहीत. त्यांच्या परतीची तारीख कोणालाही देता येत नाही.

सुरुवातीच्या दिवसांत टेकनाफच्या रस्त्यांवर स्थानिक माणसांनी आपल्या घरातलं शिजवलेलं अन्न वाटलं, अंगणं मोकळी करून दिली. बंगाली ग्रामीण माणसाचा हा पाहुणचार जगाने पाहिला. पण हजारो एकर टेकड्यांवरचं जंगल तोडून झोपड्या उभ्या राहिल्या. हत्तींच्या जुन्या वाटांवर वस्ती आली आणि हत्तींच्या पायाखाली निर्वासित मेले. सरपणासाठी रोज डोंगर उघडा होऊ लागला. दिवसाची मजुरी खाली आली, कारण कमी पैशात काम करायला तयार असलेली माणसं शेकड्यांनी उभी होती. टेकनाफमध्ये पिण्याच्या पाण्याची टंचाई आधीपासूनच होती, ती वाढली. छावणीतल्या कुटुंबाला धान्य मिळतं आणि शेजारच्या गावातल्या विधवेला मिळत नाही, हे रोज डोळ्यांसमोर दिसत राहिलं तर मनात काय साठत जाईल, याची कल्पना आपण सहज करू शकतो. त्या बाईला मी दोष देणार नाही.

यावर जे उपाय उपयोगी पडले ते फार साधे आहेत. 2018 पासून छावण्यांमधल्या कुटुंबांना स्वयंपाकाच्या गॅसचे सिलिंडर आणि शेगड्या दिल्या गेल्या, आणि आसपासच्या गावांतल्या अनेक घरांनाही. लाकूडतोड एकदम कमी झाली, टेकड्यांवर पुन्हा झाडं लावता आली. रानात एकटीने जाण्यात बायकांना जो धोका होता तोही टळला. कॉलऱ्याची लस 2017 च्या ऑक्टोबरमध्ये पहिल्या फेरीत सुमारे सात लाख लोकांना देण्यात आली आणि पुढच्या फेऱ्यांमध्ये गावकऱ्यांनाही सामील केलं गेलं. कॉलऱ्याचा मोठा उद्रेक झाला नाही. 2018 च्या संयुक्त मदत आराखड्यातच ज्या 13 लाख लोकांसाठी पैसा मागितला होता, त्यात तीन लाखांहून अधिक स्थानिक गावकरी होते. निर्वासित आणि यजमान यांचा हिशेब एकत्र मांडण्याची ही पद्धत मला फार मोलाची वाटते. त्याच वर्षी जागतिक बँकेने बांगलादेशाला 48 कोटी डॉलरपर्यंत अनुदान जाहीर केलं. अनुदान, कर्ज नव्हे. दुसऱ्याच्या दारात घडलेल्या अत्याचारांचे बळी आपल्या घरात घेतल्याबद्दल एखाद्या देशाने व्याज भरत बसावं, यात न्याय नाही.

पण बातमी जुनी झाली की पैसा आटतो. 2023 साली जागतिक अन्न कार्यक्रमाला प्रत्येक निर्वासिताचा महिन्याचा शिधा 12 डॉलरवरून आधी 10 आणि मग 8 डॉलरवर आणावा लागला. दिवसाला सव्वीस-सत्तावीस सेंट, म्हणजे आपल्या वीस-बावीस रुपयांत तिन्ही वेळचं जेवण. 2024 मध्ये तो हळूहळू पुन्हा वाढवला गेला, आणि 2025 च्या मार्चमध्ये तो एकदम 6 डॉलरवर येईल अशी सूचना निघाली. ऐन वेळी पैसे आले म्हणून ते टळलं. त्याच वर्षी निधीअभावी छावण्यांमधली हजारो मुलांची शिक्षण केंद्रं बंद पडली. दर महिन्याला जेवण मिळेल की नाही या टांगणीवर दहा लाख माणसांना ठेवलं, तर तरुण पोरं समुद्रात लाकडी नावांवर चढतात, मलेशियाच्या वाटेवर दलालांच्या हाती सापडतात, आणि गावात कमी मजुरीवर राबायला येतात. शिधा कपातीचा पहिला फटका छावणीला बसतो आणि दुसरा लगेच शेजारच्या गावाला.

जगातल्या निर्वासितांपैकी 73 टक्के गरीब आणि मध्यम उत्पन्नाच्या देशांत राहतात, असं 2024 अखेरची आकडेवारी सांगते. दोन तृतीयांश तर शेजारच्याच देशात. श्रीमंत देशांच्या किनाऱ्यावर पोहोचणारा निर्वासित दूरदर्शनवर जास्त दिसतो, पण भार वाहतात ते बांगलादेश, युगांडा, चाड, कोलंबिया. 1951 च्या निर्वासितविषयक कराराच्या प्रास्ताविकातच म्हटलं होतं की आश्रय देण्याचा भार काही देशांवर फार जड होऊ शकतो आणि आंतरराष्ट्रीय सहकार्याशिवाय तो पेलणार नाही. पण हे सहकार्य कोणी, किती, कधी करायचं याचं बंधन त्या करारात कुठेच नाही. 2018 च्या डिसेंबरमध्ये संयुक्त राष्ट्रांच्या आमसभेने निर्वासितांविषयीचा जागतिक करार संमत केला. त्यात जबाबदारी वाटून घेण्याची व्यवस्था आहे, दर चार वर्षांनी जिनिव्हात देश एकत्र येऊन वचनं देतात. तोही बंधनकारक नाही. शिधा कोणाच्या तरी मर्जीवर अवलंबून आहे तो याच कारणाने.

मला वाटतं, या बाबतीत भारताने बोलायला हवं, आणि मोठ्याने बोलायला हवं. 1971 मध्ये आपण देशोदेशी जाऊन सांगत होतो की हा भार एकट्या भारताचा नाही. आज तेच वाक्य बांगलादेशाच्या तोंडी आहे. ते खरं आहे हे आपल्याइतकं कोणाला कळणार? 2017 च्या सप्टेंबरमध्ये भारताने ‘ऑपरेशन इन्सानियत’ या नावाने चितगावला विमानांनी धान्य आणि इतर सामान पाठवलं. राखाइनमध्ये, जिथे ही माणसं एक दिवस परतायची आहेत तिथे, भारताने अडीचशे घरंही बांधून दिली. हे चांगलं झालं, पण हे पुरेसं नाही. देणाऱ्या देशांनी मदत एका वर्षापुरती न ठरवता किमान पाच वर्षांसाठी बांधून द्यावी, तिचा ठरलेला भाग यजमान गावांच्या पाण्यावर, शाळांवर आणि दवाखान्यांवर खर्च व्हावा, आणि आश्रय देणाऱ्या देशाला त्यासाठी कर्ज काढावं लागू नये, एवढा आग्रह दिल्लीने जिनिव्हाच्या पुढच्या बैठकीत धरायला हवा. सोबत आपला स्वतःचा वाटा मेजावर ठेवायला हवा, म्हणजे मग इतरांकडे मागताना आवाज खाली येणार नाही.