दुसरी मोटार

मोटार ही गरज की हौस, हा प्रश्न पहिल्या मोटारीच्या वेळी सहसा उद्भवत नाही. दुसरीच्या वेळी तो टाळता येत नाही. आणि ती दुसरी मोटार जर जुनी, दोनच माणसे बसतील अशी स्पोर्ट्स कार असेल, तर शेजारीपाजारीही तो विचारू लागतात. मी मध्यंतरी याच प्रश्नात सापडलो होतो.

नोकरीनिमित्त मी भोपाळला असतो. पुण्यातील एका परिचितांना आपली २०१३ सालची बीएमडब्ल्यू झी-फोर विकावयाची होती. कळ दाबली की तिचे धातूचे छत घडी होऊन मागे जाते आणि डोक्यावर उघडे आकाश येते. शेहेचाळिसाव्या वर्षी अशा आकाशाचा मोह पडतो, हे मी प्रांजळपणे कबूल करतो.

पण आम्हां सरकारी नोकरांची सवय अशी, की मोह झाला तरी त्याची फाईल उघडावयाची. १९६४ च्या आचरण नियमांप्रमाणे दोन महिन्यांच्या मूळ वेतनाहून अधिक किमतीची जंगम वस्तू घेतली, तर महिन्याच्या आत वरिष्ठांना कळवावे लागते. महाराष्ट्रात नोंदलेली गाडी बारा महिन्यांहून अधिक काळ परराज्यात ठेवावयाची, तर ना-हरकत दाखला, नवी नोंदणी आणि तेथील कर आला. मूळ नोंदणी पंधरा वर्षांची. म्हणजे २०२८ साली पुन्हा तपासणी.

मग मी गाडी पाहून आलो. टायरच्या कडेवर चार आकडे असतात. पहिले दोन आठवडा सांगतात, पुढचे दोन वर्ष. येथे २२१५ होते. गाडी फार चाललेली नसल्याने टायरांची नक्षी शाबूत होती. पण रबर उभ्याउभ्यानेही म्हातारे होते. गाडीचे पोट जमिनीपासून जेमतेम बारा सेंटिमीटर. शास्त्रोक्त गतिरोधकाची उंची दहा सेंटिमीटर असते, आणि आमच्या वसाहतीतील गतिरोधकांनी शास्त्र वाचलेले नाही!

तरीही मन मानेना. तेव्हा पत्नी म्हणाली, "महिनाभर एक वही ठेवा. ही गाडी दारात असती तर कधी बाहेर काढली असती, तेवढे लिहा." मी प्रामाणिकपणे लिहिले. तीस दिवसांत पाच नोंदी झाल्या. चार रविवारच्या पहाटेच्या, एकट्याच्या. पाचवी एका मित्राला गाडी दाखविण्याची. त्याच महिन्यात आईला गुडघ्याच्या उपचारासाठी सहा वेळा न्यावे लागले. त्या खोल आसनात तिला बसविणे कठीण, उठविणे त्याहून कठीण.

मी नकार कळविला. त्याने मन हलके झाले, असे म्हणणार नाही. पुढे गाडी दुसऱ्या कोणी नेल्याचे ऐकले, तेव्हा क्षणभर चुटपुट लागलीच. हौस वाईट असते, असेही माझे म्हणणे नाही. आपली वही वेगळे सांगत असेल आणि घरातील कोणाच्या वाट्याचे त्यात जात नसेल, तर आपण खुशाल गाडी घ्यावी. मात्र वही आधी लिहावी, गाडी मागाहून पाहावी. मी क्रम उलटा केला.

त्या चार पहाटा मात्र मी वाया जाऊ दिल्या नाहीत. रविवारी आमची जुनी मोटार मोठ्या तलावाच्या काठाने नेतो. तिचे छत उघडत नाही. काचा खाली केल्या की वारा येतो, आणि मागच्या आसनावर आई असते.