कवितेचा गुप्त पत्ता

ब्लॉगला कुणी जालनिशी म्हणतं, कुणी अनुदिनी. नाव काही द्या. तो सुरू करणं सोपं आणि चालू ठेवणं अवघड. एस.टी.त खिडकीशी बसल्यावर चार ओळी सुचतात, फोनही हातात असतो. पण ब्लॉग उघडायचा, पासवर्ड घालायचा, ती बारीक बटणं शोधायची, तोवर घाट लागतो आणि रेंज जाते. यावर एक जुनीच सोय आहे. ब्लॉगला सरळ ई-मेल पाठवायचा. मेल रेंज नसतानाही लिहून ठेवता येतो. रेंज आली की तो आपला आपण निघतो.

गूगलच्या ब्लॉगरवर सेटिंग्जमध्ये ई-मेलचा भाग आहे. तिथं आपण एक गुप्त शब्द द्यायचा. आपलं वापरनाव, मग टिंब, मग तो शब्द आणि पुढं ब्लॉगरचा पत्ता, असा एक टपालपत्ता तयार होतो. त्यावर मेल टाकला की मेलचा विषय शीर्षक होतो आणि आतला मजकूर लेख. वर्डप्रेस डॉट कॉमवर शब्द आपण निवडायचा नसतो. तेच अक्षरांची सरमिसळ करून पत्ता देतात, आणि मला ते अधिक शहाणपणाचं वाटतं.

कारण इथं पासवर्ड कुणी विचारत नाही. पत्ता माहीत असणं हीच किल्ली. तेव्हा मुलाचं किंवा गावाचं नाव गुप्त शब्द म्हणून नको. दहा मित्रांना कविता धाडताना अकरावा पत्ता म्हणून ब्लॉगचा टाकलात, की तो दहाही जणांना कळला. त्यातल्या एकानं 'सर्वांना उत्तर' दाबलं, तर त्याचं 'वा, क्या बात है' तुमच्या ब्लॉगवर तुमचं लेखन म्हणून झळकेल! हे हसण्यावारी नेता येईल. तिऱ्हाइताच्या हाती पत्ता लागला तर मात्र नाही. मी मराठीत लिहिणारा मुसलमान कवी. माझ्या नावाखाली भलत्याच चार ओळी आल्या, तर 'त्या माझ्या नव्हेत' हे सांगायला मला किती जणांच्या दारी जावं लागेल? त्या ओळी जितक्या हातांतून पुढं जातील, तितक्यांपर्यंत माझा खुलासा जाणार नाही.

म्हणून तिथं जे दोन पर्याय असतात, त्यांतला दुसरा घ्या. पहिला म्हणजे मेल येताच प्रसिद्ध करणं. दुसरा, तो ड्राफ्ट म्हणून राखून ठेवणं. ड्राफ्ट आपण उघडून पाहिल्याशिवाय बाहेर जात नाही. शिवाय कविता एक रात्र पडून राहिली की सकाळी तिच्यातला एखादा शब्द खटकतोच. संपादक नसलेल्या घरात एवढी एक रात्र तरी हवी.

आणखी एक कारण खास कवींसाठी. मेलमधून कविता जाते तेव्हा ओळींचे हाल होतात. साध्या मजकुराच्या मेलमध्ये लांब ओळ मध्येच तुटू शकते. ओळीच्या आरंभी मोकळी जागा सोडून ती आत सरकवली असेल, तर वेबपानावर ती जागा बहुधा नाहीशी होते. कडवी एकमेकांना चिकटतात किंवा उगाच दूर जातात. हे सारं ड्राफ्टमध्ये हातानं नीट करावं लागतं. अक्षरांची काळजी आता फारशी उरलेली नाही. पूर्वी डीटीपीचा फाँट समोरच्याकडे नसला की आपली कविता त्याला इंग्रजी अक्षरांचा चिवडा दिसे. युनिकोडनं ती कटकट संपवली.

गुप्त शब्द अधूनमधून बदलावा. फोन हरवला तर त्याच दिवशी. आणि फोन मेलच्या शेवटी 'अमुक फोनवरून पाठवले' अशी ओळ स्वतःच जोडत असेल, तर ती बंद करा. नाहीतर कवितेची शेवटची ओळ म्हणून तीही छापली जाईल आणि कुणीतरी तिचाही अर्थ लावत बसेल.