शागालच्या गावातून ट्राम कुठे गेली?

मार्क शागालचं नाव निघालं की हवेत तरंगणारी जोडपी आणि छपरावरचा फिडलवाला डोळ्यांपुढे येतात. मग त्याला ‘स्वप्नांचा चित्रकार’ म्हणून लोक मोकळे होतात. खुद्द शागालला हा कल्पनाविलासाचा शिक्का रुचत नसे. आपण रंगवतो त्या आपल्या आठवणी, असं त्याचं म्हणणं होतं.

‘मी आणि गाव’ हे त्याचं १९११चं चित्र आज न्यूयॉर्कच्या म्युझियम ऑफ मॉडर्न आर्टमध्ये आहे. उंची सुमारे १९२ सेंटिमीटर. उजवीकडे टोपी घातलेला हिरवा चेहरा, डावीकडे जनावराचं तोंड, आणि दोघांचे डोळे जोडणारी बारीक रेघ. जनावराच्या गालावर एक बाई धार काढते आहे. वर शेतकरी कामाला निघालाय; त्याच्यापुढची बाई मात्र खाली डोकं वर पाय, आणि काही घरंही तशीच उलटी.

आता मौज पाहा. शागाल ज्या व्हितेब्स्कमध्ये वाढला, ते खेडं नव्हतंच! १८९७च्या जनगणनेत तिथली वस्ती सुमारे ६५ हजार होती, त्यांत निम्म्याहून अधिक ज्यू. रेल्वे होती, १८९८पासून विजेची ट्रामही होती. वडील हेरिंग माशांच्या वखारीत राबत, आई किराणा दुकान चालवी. चित्रातली जनावरं आली ती बहुधा जवळच्या लिओझ्नोहून. तिथे आजोबा खाटीक होते, आणि नातवाने गाय कापली जाताना पाहिली होती. म्हणजे ती बारीक रेघ वाटते तितकी निरागस नाही.

हे सारं त्याने रंगवलं पॅरिसमध्ये. भोवतालचे क्युबिस्ट एकच गिटार अनेक बाजूंनी दाखवत होते. शागालने त्यांची वर्तुळं आणि तिरक्या रेघा उचलल्या, पण त्यांत मांडली ती वेगवेगळ्या वर्षांची, वेगवेगळ्या ठिकाणांची माणसं. या मांडणीत ट्रामला जागा उरली नाही.

१९१४मध्ये तो घरी गेला आणि महायुद्धामुळे तिथेच अडकला. १९१८मध्ये पूर्ण झालेल्या ‘शहरावरून’ या चित्रात तो आणि बायको बेला व्हितेब्स्कवरून उडताहेत. खाली कोपऱ्यात, कुंपणापाशी, एक माणूस उघड्यावर शौचाला बसलाय. नुसतं गोड स्वप्नच रंगवायचं असतं, तर शागालने त्याला तिथे बसू दिलं नसतं.

१९२२मध्ये त्याने रशिया सोडला. पुढे जर्मनीत ज्यूंवर हल्ले सुरू असताना, १९३८मध्ये, त्याने ‘पांढरा क्रूस’ रंगवलं. त्यात ख्रिस्ताच्या कमरेला ज्यूंची प्रार्थनेची शाल आहे, सिनेगॉग जळतंय, माणसं होडीतून पळताहेत. डावीकडे तीच ओळखीची लाकडी घरं पुन्हा उलटीपालटी दिसतात. या वेळी ती हल्लेखोरांनी उलथवली आहेत.