वर्ग बदलला, भाडें बदललें

आपल्या घरांत गुळाची ढेप येते, पंखा येतो, शिवणयंत्र येतें. त्यांच्या किमतींत गाडीभाड्याचा वांटा असतो हें आपणांस ठाऊक आहे. परंतु तो वांटा कसा ठरतो, याचा विचार क्वचितच होतो. वजन आणि अंतर या दोहोंवरून भाडें ठरत असेल, असें सहज वाटतें. तिसरी गोष्ट म्हणजे मालाचा वर्ग. आणि व्यापाऱ्यास पेंचांत धरणारी गोष्ट पुष्कळदां हीच असते.

वर्गवारीचें तत्त्व जुनें आहे. एक मण पिंजलेला कापूस व एक मण लोखंड यांचें वजन सारखेंच; पण कापूस वाघिणींतील जागा अडवितो आणि लोखंड कोपऱ्यांत मावतें. कांचेस फुटण्याचें भय, रेशमास चोरीचें. शिवाय किमती माल जें भाडें सहज सोसतो, तें धान्यास सोसत नाहीं. म्हणून मालाचे वर्ग पाडले गेले.

पुण्यास आगगाडी 1858 सालीं आली आणि 1863 सालीं बोरघाटाचा मार्ग खुला झाल्यावर मुंबई बंदराशीं अखंड दळणवळण सुरू झालें. पूर्वीं निरनिराळ्या रेल्वे आपापल्या हद्दीपुरतें अंतर वेगळें मोजीत. त्यामुळें दोन रेल्वेंवरून जाणाऱ्या मालास लांबच्या प्रवासाची सवलत पुरती मिळत नसे. 1 ऑक्टोबर 1948 पासून सारें अंतर सलग मोजावें आणि तें वाढेल तसा मैलाचा दर उतरत जावा, अशी व्यवस्था झाली. पुढें मैलांचे किलोमीटर झाले, मणांचे क्विंटल झाले. वर्ग मात्र राहिले. आज 100 हा पायाचा वर्ग धरितात. 150 या वर्गाच्या मालास त्याच्या दीडपट भाडें पडतें. वाट तीच, वाघीण तीच. पण वर्ग बदलतांच हिशेब निराळा!

आतां कायदा काय म्हणतो तें पाहूं. 1989 च्या रेल्वे कायद्याच्या 31 व्या कलमानें मालाची वर्गवारी ठरविण्याचा व बदलण्याचा अधिकार केंद्र सरकारास आहे. 37 व्या कलमानें वर्गवारीचा प्रश्न भाड्याविषयींच्या तक्रारी ऐकणाऱ्या न्यायाधिकरणाच्या कक्षेबाहेर ठेविला आहे. 78 व्या कलमान्वयें, पावतीवर कांहींही लिहिलेलें असो, माल ताब्यांत देण्यापूर्वीं रेल्वे तो पुन्हां तोलूं शकते, मापूं शकते, त्याचा वर्ग नव्यानें ठरवून भाडें पुन्हां आकारूं शकते. मालाचें वर्णन खोटें दिल्यास 163 व्या कलमाप्रमाणें क्विंटलमागें 500 रुपयांपर्यंत दंड आहे; म्हणजे शंभर क्विंटलांस पन्नास हजारांपर्यंत! तात्पर्य, मागाहून गाऱ्हाणें सांगण्यास वाव थोडा. जें करावयाचें तें माल धक्क्यावर नेण्यापूर्वींच केलें पाहिजे.

हा प्रश्न केवळ आपल्याच देशाचा नाहीं. अमेरिकेंत मोटारीनें जाणाऱ्या सुट्या मालाची वर्गवारी 19 जुलै 2025 रोजीं बरीच पालटली. अनेक जिनसांचा वर्ग आतां नांवापेक्षां घनतेवरून, म्हणजे दर घनफुटास किती पौंड भरतात यावरून, ठरतो. पुणें व पिंपरी-चिंचवड येथील यंत्रांचे भाग तिकडे जातात. तेव्हां ही गोष्ट आपल्या दारांतली आहे. समजा, 640 पौंडांची पेटी चार फूट लांब, तेवढीच रुंद व तेवढीच उंच आहे. ती 64 घनफूट भरते. घनफुटास 10 पौंड पडतात, आणि ज्या मालास हें कोष्टक लागू आहे त्याचा वर्ग साडेब्याण्णव येतो. तोच माल नीट रचून उंची तीन फुटांवर आणिली, तर घनफूट 48 होतात, घनता तेरांवर जाते आणि वर्ग 85 वर उतरतो. माल तोच; बचत सुताराच्या करवतीची!

मग तयारी कोणती करावी? प्रथम, आपण पाठवितों त्या प्रत्येक जिनसेची यादी करावी व तींत कोष्टकांतील नेमकें नांव लिहावें. बीजकावर एक नांव आणि पावतीवर दुसरें, असें होऊं देऊं नये. दुसरें, बांधणी पुरी झाल्यावर वजन व बाहेरील मापें घ्यावींत. अंदाजावर विसंबूं नये. तिसरें, सौदा ठरवितांनाच भाड्याचा फरक विकणाऱ्यानें सोसावा कीं घेणाऱ्यानें, हें लिहून ठेवावें. चौथें, नवे नियम पेढीच्या मालकानेंच नव्हे, तर धक्क्यावर उभ्या राहणाऱ्या कारकुनानेंही वाचावेत. कारण अर्ज तोच भरतो.

मोठ्या कारखान्याजवळ हीं कामें करणारी स्वतंत्र कचेरी असते. लहान व्यापाऱ्याचा नफा मात्र थोडा. एका पावतीवरील फरकांतही तो बुडूं शकतो, नाहीं तर तो फरक आपल्या किराण्याच्या यादींत येऊन बसतो. म्हणून वर्गवारी हा केवळ धक्क्यावरचा विषय नाहीं. नियम बदलणें आपल्या हातीं नसेल. पण तराजू, मोजपट्टी आणि खरें वर्णन हीं तिन्हीं आपल्याच हातीं आहेत.